सर्जेकोटची ओरखडलेली तारली

डिसेंबरातल्या एका सकाळी साडेआठला फोन वाजला. "बाई, जरा बंदरार येवन जावा. तारली गावली हा, पण सगळी ओरबाडल्यासारी. आनि एक तलवार पण आसा." फोनवरचे काका मालवणजवळच्या सर्जेकोट बंदराचे. चाळीसेक वर्षं समुद्रात काढलेले तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. मी मालवणकडच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना घेऊन मासे मोजायला, कल्ले उघडून बघायला मी त्यांच्या होडीपाशी बरीच वर्षं उभी राहत आले आहे. जाळ्यात काही वेगळं आलं की काका आठवणीने हाक मारतात. त्या दिवशीची हाक मात्र कुतूहलाची नव्हती. भाव अडला होता.

लिलावाला आलेल्या एका व्यापाऱ्याने टोपलीत हात घातला, चार तारल्या उलटसुलट करून पाहिल्या आणि सांगितलं की माल कालचा आहे, बर्फात घासलेला आहे, अर्ध्या भावाने घेईन. काकांनी जाळं पहाटे टाकलं होतं, दिवस वर आल्यावर ओढलं होतं, आणि बर्फ त्या फेरीला होडीत घेतलाच नव्हता. दोघांपैकी कुणी खोटं बोलत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. व्यापाऱ्याला घासलेला माल खरोखरच दिसत होता. प्रश्न एवढाच होता की तारलीच्या अंगावरच्या त्या खुणा कुणी केल्या. त्याचं उत्तर त्याच होडीत, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं होतं. ते शोधायला मला दुपार झाली, आणि नीट समजून घ्यायला पुढचे काही आठवडे लागले.

टोपलीतल्या खुणा

आधी जाळ्याचा विचार केला, कारण पहिला संशय जाळ्यावरच जातो. तारलीची कांडाळ पाण्यात पडद्यासारखी उभी असते. मासा तिच्या आसात, म्हणजे जाळ्याच्या विणीतल्या भोकात, डोकं घालतो. डोकं जातं, अंग जात नाही, आणि मागे यायला जावं तर धागा कल्ल्यांच्या झाकणामागे अडकतो. त्यामुळे कांडाळीत सापडलेल्या माशावर जाळ्याची सही ठरलेली असते. कल्ल्यांच्या मागे गोल कडं उमटतं, दोन्ही कुशींवर सारखं. तारलीचे खवले मुळातच सैल. ओढताना, झाडताना आणखी थोडे निघतात. ही कडी त्या टोपलीतल्या जवळजवळ प्रत्येक तारलीवर होती आणि त्यात वावगं काही नव्हतं.

पण त्याशिवाय दुसऱ्या खुणा होत्या. पाठीच्या बाजूने पोटाकडे तिरक्या उतरलेल्या. काही काडेपेटीतल्या काडीएवढ्या रुंद, काही करंगळीएवढ्या. त्या पट्ट्यात खवले पूर्ण गेलेले आणि कातडी गुलाबीसर दिसत होती. महत्त्वाचं म्हणजे खूण एकाच कुशीवर. दुसरी कूस चांदीसारखी लखलखीत, एकही खवला न हललेली. बर्फात घासलेल्या माशाच्या दोन्ही बाजू खराब होतात, निदान ज्या बाजूवर भार येतो तिथे सरसकट होतात. एका कुशीवर तिरकी रेघ ओढून दुसरी कूस कोरी ठेवण्याचं काम बर्फ करत नाही.

मी एका टोपलीतून न निवडता शंभर तारल्या बाजूला काढल्या. एकतीस तारल्यांवर तिरक्या खुणा निघाल्या. सतरा उजव्या कुशीवर, चौदा डाव्या. त्यातल्या पाच तारल्या काकींच्या आडाळ्यावर खुणेच्या जागी आडव्या कापल्या. तीन तारल्यांत कातडीखालचं मांस काळपट लाल झालं होतं, म्हणजे आत रक्त साकळलेलं होतं. मेलेल्या माशाला घासा, आपटा, कापा, असं रक्त साकळत नाही. त्यासाठी हृदय चालू असावं लागतं. या जखमा जिवंतपणी झालेल्या होत्या. शिवाय कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, अंग ताठ. माल त्या सकाळचाच होता. काका आणि व्यापारी यांच्यातला वाद माझ्यापुरता तिथे मिटला, पण खुणांचा प्रश्न तसाच राहिला.

मग नेहमीच्या गुन्हेगारांची झडती. सिंधुदुर्गात जाळ्यातल्या मासळीचं नुकसान झालं की पहिलं नाव केंड या माशाचं येतं. केंडाचे दात एकमेकांना जुळून पोपटाच्या चोचीसारखे झालेले असतात. तो गोल लचका काढतो आणि सोबत जाळ्याचा धागाही कातरतो. काकांच्या कांडाळीला एकच मोठं भोक होतं, बाकी जाळं शाबूत. सुरमईचे दात चपटे, त्रिकोणी. ती तारलीचे कात्रीने कापावेत तसे सरळ दोन तुकडे करते. डॉल्फिन जाळ्यातला मासा ओढून नेतो आणि आसात नुसतं डोकं लटकत ठेवतो. यातलं काहीच टोपलीत नव्हतं. लचका नाही, तुकडा नाही, नुसतं डोकं नाही. फक्त ओरखडे. ज्याने हे केलं त्याने तारलीला चावलंच नव्हतं.

ताडपत्रीखालचा मासा

खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत १६८ सेंटिमीटर. बंदरावरच्या काट्यावर २३ किलो. आपल्या बंदरांवर लांब चोचीच्या सगळ्याच माशांना तलवार म्हणायची सवय आहे, पण हा खरा तलवारमासा नव्हे. खऱ्या तलवारमाशाची चोच पट्टीसारखी चपटी असते आणि त्याला पोटाखालचे पर नसतात. याची चोच भाल्यासारखी गोल होती, पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर होते, शेपटीच्या बुडाशी प्रत्येक बाजूला दोन दोन आडवे उंचवटे होते, आणि पाठीवरच्या खाचेत घडी घालून ठेवलेला पर दोन बोटांनी उचलल्यावर तो शिडासारखा उभा राहिला. माशाच्या अंगाच्या उंचीपेक्षाही उंच. हा सेलफिश. शास्त्रीय नाव इस्टिओफोरस प्लॅटिप्टेरस. ग्रीक भाषेत इस्टिओन म्हणजे शीडच. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या उष्ण पाण्यात तो सगळीकडे हिंडतो, आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या खोल पाण्यातल्या जाळ्यांत अधूनमधून येतो.

जिवंतपणी त्याची पाठ गर्द निळी असते, अंगावर फिकट ठिपक्यांच्या उभ्या ओळी. ताडपत्रीखाली राखाडी, तपकिरी पडलेला मासा होता. हे रंग मज्जातंतूंच्या ताब्यात असतात, मासा मेला की विझतात. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की बंदरावर बघून सेलफिशचा रंग लिहू नका.

मी बोट चोचीवरून फिरवलं. टोकाकडून बुडाकडे फिरवताना बोट अडखळलं. चोचीच्या खालच्या अंगाला आणि दोन्ही कडांना बारीक दातांचे खर असतात, सुताराच्या कानशीसारखे. कडेची जाडी तारलीवरच्या खुणांशी जुळत होती. चोचीला चारदोन खवलेही चिकटले होते, पण त्यांना मी पुरावा मानलं नाही. जाळ्यात गुरफटलेल्या कशालाही त्या दिवशी तारलीचे खवले चिकटले असते.

पोट फाडलं ते काकींनीच. आत सात तारल्या. सातही डोक्याकडून गिळलेल्या, अखंड, दाताची खूण नसलेल्या. चार तारल्यांच्या कुशीवर तोच तिरका ओरखडा. शिवाय माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, दोन चोची, आदल्या कुठल्यातरी जेवणातल्या. टोपलीतल्या आणि पोटातल्या तारल्या मी पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. व्यापारी तोपर्यंत जवळ येऊन उभा राहिला होता. त्याने काहीच न बोलता दोन्हींवरून अंगठा फिरवला.

धाव की फटका

सेलफिशचं नाव काढलं की कुणीतरी ताशी ११० किलोमीटर हा आकडा सांगतं. त्या दिवशी बंदरावर माझ्याच एका विद्यार्थ्याने सांगितला. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तो असतो, चित्त्याच्या शेजारी. या आकड्याचा मला मनापासून राग आहे, कारण तो या माशाची खरी करामत झाकून टाकतो. म्हणून इथे थोडं थांबते.

हा आकडा गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या लाँग की या गळमासेमारीच्या तळावरून आला. गळाला लागलेल्या सेलफिशने शंभर यार्ड दोरी तीन सेकंदांत ओढली, यावरून हिशोब केला गेला. गळ लागलेला मासा उड्या मारतो, वळतो, दोरीला पाण्यात पोट पडतं, होडीही हलत असते. रिळावरून सुटलेली दोरी म्हणजे माशाने कापलेलं अंतर नव्हे. पाणी हवेच्या आठशेपट दाट आहे. त्यातून सेकंदाला तीस मीटर जायचं तर केवढी ताकद लागेल याचा विचार केला तरी शंका यावी. आणखी एक अडथळा आहे. पाण्यात सेकंदाला दहा ते पंधरा मीटरच्या पुढे गेलं की शेपटीच्या पात्याशी पाण्याचा दाब इतका कमी होतो की वाफेचे बुडबुडे धरतात आणि फुटतात. बोटीचा पंखा याच कारणाने खड्डे पडून खराब होतो, हे इंजिनवाल्या कुठल्याही खलाशाला ठाऊक आहे. माशाच्या शेपटीला ते सोसणार नाही.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी वेगळा रस्ता धरला. नुकत्याच पकडलेल्या माशांच्या स्नायूला विजेचा हलका झटका देऊन तो किती वेळात आकसतो हे मोजलं. स्नायू जितक्या लवकर आकसेल तितक्याच वेळा शेपूट हलू शकते, त्याहून जास्त नाही. एका शेपूटफटक्यात मासा किती पुढे जातो हे घेतलं की वेगाची मर्यादा निघते. सेलफिशची निघाली सेकंदाला सुमारे ८.३ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. त्याच अभ्यासात बाराकुडा ६.२ आणि डोराडो ४ मीटर. म्हणजे सेलफिश त्या यादीत सर्वांत वेगवान ठरलाच. फक्त पुस्तकातल्या वेगाच्या पाव भागाजवळ.

तरीही तारलीसाठी ताशी ३० किलोमीटर पुष्कळ आहेत. मग सरळ धावून तोंडात का धरू नये? कारण मोठं अंग वेगात असताना वळत नाही. तारली वीतभर लांबीची. धोका कळल्यावर ती जागच्या जागी वळते. दोन मीटरच्या माशाला तेवढं वळायला मोठा फेर घ्यावा लागतो. धावण्याच्या शर्यतीत सेलफिश जिंकतो, पण वळण्यात तारली. ही अडचण सेलफिशने चोचीने सोडवली आहे.

पाओलो डोमेनिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटाजवळ, तारलीच्याच जातकुळीतल्या माशांच्या थव्यावर तुटून पडणाऱ्या सेलफिशचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातलं सगळ्यांत विलक्षण दृश्य वेगाचं नाही. सेलफिश थव्याच्या मागून येतो, वेग कमी करतो, शीड उभारतो आणि चोच थव्याच्या आत सारतो. मासे पांगत नाहीत. माशाला कुशीवरच्या रेषेतून पाण्याचा धक्का कळतो. रुंद तोंडाचा शिकारी पुढे पाण्याचा लोंढा ढकलत येतो आणि तो लोंढाच मासे सावध करतो. बोटभर जाडीची चोच पाणी ढकलत नाही. आंब्याच्या झाडावर चढलात तर फांदी हलते, आंबे उतरवायच्या लांब काठीचा झेला आत घातला तर पानही हलत नाही, तसं काहीसं. चोच थव्यात, मासे अजून शांत, आणि मग फटका. एकतर जोरदार आडवा फटका, ज्यात एकाच वेळी अनेक मासे घायाळ होतात, किंवा एकाच माशाला बारीकशी टिचकी, ज्याने त्याचा तोल जातो आणि तो अलगद तोंडात येतो. फटका मारताना चोचीच्या टोकाला जो झटका येतो तो पाण्यातल्या पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत मोजल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या झटक्यांपैकी आहे. कोयत्याचा जोर मनगटात असतो, धावण्यात नाही.

शिडाचं कामही इथे कळतं. डोकं एकीकडे जोरात फेकलं की उरलेलं अंग उलटीकडे जाणार. उभारलेलं शीड आणि पोटाखालचे लांब पर पाण्यात रुतल्यासारखे राहून अंगाला धरून ठेवतात. वेगात पोहताना हेच शीड पाठीच्या खाचेत बंद असतं. शीड उघडून पळणारा सेलफिश चित्रांतच असतो.

काकांना मी यातलं जमेल तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो धावान मारीत नाय, बाई. जवळ जाता, थांबता, मगे फटको. मी ह्या लहानपणापासून बघतंय." कॅमेऱ्याने जे टिपलं ते काका होडीच्या काठावरून बघत आले होते. विचारायचं मला सुचलं नव्हतं.

एकटा नव्हता

टोपलीत खुणा दोन्ही कुशींवर होत्या, सतरा आणि चौदा. तेव्हा मी तो आकडा नुसता वहीत लिहून ठेवला. नंतर त्याचं महत्त्व कळलं.

थवा एका दिशेने पोहत असतो आणि सेलफिश मागून येतो. त्याने चोच डावीकडे फिरवली तर डावीकडच्या तारलीची उजवी कूस खरवडली जाते. उजवीकडे फिरवली तर डावी. राल्फ कुर्वर्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की प्रत्येक सेलफिशची एक लाडकी बाजू असते, आपल्यात डावखुरे-उजवे असतात तशी. ज्याची सवय जास्त पक्की त्याला शिकारही जास्त साधते. पण एकट्याने शिकार केली तर ही सवय त्याच्याच मुळावर येईल. मासे ओळखतील की फटका कुठून येणार. टोळीत डावे आणि उजवे दोन्ही असले की थव्याला अंदाज बांधता येत नाही. आमच्या माशाच्या चोचीची डावी कड बोटाला उजवीपेक्षा गुळगुळीत लागली. एका माशावरून आणि एका बोटावरून मी काही सिद्ध करत नाही. पण त्याचे फटके डावीकडे जास्त पडत असतील तर उजव्या कुशीच्या सतरा खुणा त्याच्या खात्यावर घालता येतात, आणि डाव्या कुशीच्या चौदांना दुसरा धनी शोधावा लागतो.

तो काकांनीच दिला. जाळं ओढायला घेण्याआधी, पूर्वेला उजेड फुटून मतलई वारा मंद झाला तेव्हा, होडीपासून थोड्या अंतरावर त्यांना पाण्याबाहेर काळे पर दिसले होते. तीन, कदाचित चार. शेजारच्या खलाशाला ते मोरीचे, म्हणजे शार्कचे, वाटले.

टोळी म्हटलं की आपल्याला लांडगे आठवतात, ठरवून घेराव घालणारे. सेलफिशची टोळी तशी नाही. जेम्स हर्बर्ट-रीड यांच्या गटाने २०१६ साली मांडलेले आकडे मला आमच्या टोपलीशी ताडून बघावेसे वाटतात. शंभरातल्या फक्त चोवीस हल्ल्यांत सेलफिशच्या तोंडी मासा लागला. पण पंचाण्णव हल्ल्यांत थव्यातले मासे जखमी झाले. म्हणजे बहुतेक वेळा हल्ला करणारा उपाशीच परततो, पण मागे घायाळ मासे ठेवून जातो. पुढचा येतो तेव्हा थवा थोडा अधिक मंदावलेला असतो. त्यानंतरचा येतो तेव्हा आणखी. थवा जितका घायाळ, तितका मासा लवकर हाती लागतो. कोणी कुणासाठी काम करत नाही, तरी प्रत्येकाच्या फटक्याचा फायदा सगळ्यांना पोचतो. म्हणून एका जाळ्यात एकतीस टक्के तारल्या ओरखडलेल्या सापडणं मला आश्चर्याचं वाटत नाही. त्या चुकलेल्या फटक्यांतून मागे राहिल्या होत्या, पुढच्या फटक्यासाठी.

पाळी कुणाची हे ते कसं ठरवतात? पट्टेदार मार्लिनवर, म्हणजे सेलफिशच्या जवळच्या नातलगावर, २०२४ साली आलेल्या अभ्यासात हल्ला करायला निघालेल्या माशाचे पट्टे हल्ल्याआधी झळाळतात आणि हल्ला संपला की मावळतात असं दिसलं. बाकीचे तेवढा वेळ फिकेच राहतात. एकमेकांच्या चोची एकमेकांत घुसू नयेत म्हणून ही खूण उपयोगी पडत असावी. सेलफिशही हल्ल्याच्या वेळी रंग पालटतो.

त्या सकाळचा क्रम

आता सगळं जोडते. काकांनी वीस वाव पाण्यात, पहाटेच्या अंधारात कांडाळ सोडली. तारली वर आली होती, अंधारात तिला धागा दिसला नाही, आणि जाळं भरू लागलं. तोवर सेलफिशचा काही संबंध नाही. तो डोळ्यांनी शिकार करतो, त्याला उजेड लागतो.

त्याच्या डोळ्याबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. डोळा काढल्यावर मागच्या बाजूला काळपट तांबडा ऊतीचा गोळा दिसतो. मुळात तो डोळा फिरवणारा स्नायू. पण आता तो ओढण्याचं काम सोडून फक्त उष्णता करतो. बार्बरा ब्लॉक यांनी १९८६ साली मार्लिन आणि सेलफिशमधली याची रचना बारकाईने मांडली. मेंदू आणि डोळे भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतात, आणि गरम डोळा वेगवान हालचाल जास्त स्पष्ट टिपतो. खोल, गार पाण्यात बुडी मारून आल्यावरही शिकाऱ्याची नजर सुस्तावत नाही. मी तो गोळा पाटावर ठेवला तेव्हा भोवती उभी असलेली मुलं पहिल्यांदा गप्प झाली.

तर, उजेड फुटला. थव्यातला एक भाग जाळ्यात अडकलेला, उरलेला जाळ्याच्या पडद्याला लागून घोटाळत राहिलेला. मोकळ्या पाण्यात सेलफिशच्या टोळीला थवा गोळा करून पृष्ठभागाकडे रेटत न्यावा लागतो, त्यात वेळ आणि ताकद जाते. इथे एक बाजू काकांच्या कांडाळीने आयती अडवली होती. टोळीने पाळीपाळीने फटके मारले. ओरखडलेल्या, तोल गेलेल्या तारल्या पुढे सरकून आसांत अडकल्या. ओरखड्याखाली रक्त साकळलं आणि गळ्याभोवती कडंही उमटलं, अशा तारल्या त्यामुळेच दिसतात. म्हणजे आधी फटका, मग जाळं. उलट घडलं असतं, अडकलेल्या तारलीवर फटका पडला असता, तर जाळ्याचे धागे जागोजागी तुटलेले दिसायला हवे होते.

मग आमच्या माशाचा एक फटका जाळ्याच्या फार जवळ पडला. चोचीच्या कानशीत नायलॉनचा धागा एकदा धरला की निसटत नाही. सेलफिशला मागे पोहणं जमत नाही. त्याने झटका दिला, धागा आणखी भोवती फिरला, शीड अडकलं. या माशाच्या कल्ल्यांना वाहतं पाणी लागतं, आणि ते तोंड उघडं ठेवून पुढे पोहण्याने मिळतं. थांबला की गुदमरतो. काकांनी जाळं ओढलं तेव्हा तो मेलेला होता. वेगासाठी घडलेलं शरीर जागी थांबल्यामुळे संपलं, हे मला त्या दिवशी फार लागलं.

भावाचं काय झालं

व्यापाऱ्याने कल्ले पाहिले, कापलेल्या तारलीतलं रक्त पाहिलं, सात तारल्या पाहिल्या. माल ताजा आहे हे मान्य केलं आणि भाव वाढवला, पण पूर्ण दिला नाही. म्हणाला, "माज्या गिरायकाक मी ह्या सगळा सांगत बसू?" त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. कातडी फुटलेला मासा अखंड माशापेक्षा लवकर बिघडतो, आणि त्याचा माल दुसऱ्या दिवशी लांबच्या बाजारात उघडणार होता. मी ते काकांना स्पष्ट सांगितलं. ताजा आहे म्हणजे टिकेल असं नाही. शेवटी अखंड तारली वेगळी काढून व्यापाऱ्याला पूर्ण भावाने गेली. ओरखडलेली बंदरावरच्या बायकांनी घेतली, मालवणात त्याच दुपारी विकायला. ती निवडायला काकी, दोन खलाशी आणि माझे चार विद्यार्थी असे सगळे बसलो. अर्धा तास लागला. तेव्हापासून काका अशी तारली आली की लिलावाआधीच वेगळी करतात आणि दोनचार कापून आतलं रक्त दाखवायला ठेवतात.

सेलफिश तुकडे करून विकला गेला. चोच काकांनी मला दिली. ती आमच्या प्रयोगशाळेत आहे, आणि तिच्या दोन्ही कडांचे खर भिंगाखाली मोजायचं काम एक विद्यार्थिनी करते आहे.

जानेवारीच्या शेवटी काकांचा आवाजी संदेश आला. मागे इंजिनाचा आवाज नव्हता, नुसतं पाणी. "बाई, त्याच जागेर आसंय. तीन शिडां दिसतत. जाळा नाय टाकलंय. अर्ध्या तासापासून बघीत रवलंय." मग बराच वेळ काही नाही. मग हलक्या आवाजात, "एक जाता, बाजूक होता, मगे दुसरो. दोघे एकदम नाय जायत. आनि जो जातलो ना, तो आधी निळो होता."